पाणी कुठे टपकतं आणि कौल कुठे फुटलंय: ऑफ-सीझनमध्ये आपल्या फुटी टीमची वही कशी मांडावी

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी एनआरएलची, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची, ग्रँड फायनल होते. या खेळाला इथे फुटी म्हणतात. दुसऱ्या दिवशी इथे न्यू साउथ वेल्समध्ये लेबर डेची सुट्टी असते. त्या सोमवारी सकाळी कपडे मशीनला लावले की मी माझी लाल वही काढते. लांबट, कापडी पाठीची, किराणावाले उधारी लिहायला वापरतात तसली. सांगलीला गेले की दोन घेऊन येते. एक घरखर्चाची, दुसरी आमच्या टीमची, पॅरामाटा ईल्सची. आमचे हे म्हणतात, पहिलीपेक्षा दुसरीचा हिशोब जास्त चोख असतो.

मी सिडनीच्या पश्चिमेला वेंटवर्थव्हिलला राहते, एकोणीस वर्षं झाली. ऑफिसात दिवसभर लोकांचे पगार काढते. लहानपणी तासगावला कबड्डी खेळले, डाव्या कोपऱ्यात. रग्बी लीग शिकले ती कुंपणापलीकडच्या आजोबांकडून. ते १९८१ ची फायनल बघितलेले. तेव्हा पॅरामाटाने पहिल्यांदा कप जिंकला आणि आनंदाच्या भरात लोकांनी कंबरलँड ओव्हलचा जुना लाकडी स्टँडच पेटवून दिला. आजचं स्टेडियम त्याच जागेवर आहे. “तुम्हीपण काडी लावलीत का?” असं मी एकदा विचारलं, तर आजोबा नुसते हसले.

हे लिहायचं कारण माझा भाचा. गेल्या वर्षी शिकायला आला, हॅरिस पार्कला खोली घेतली आणि चार महिन्यांत ईल्सचा निळा-पिवळा स्कार्फ गळ्यात घालून फिरायला लागला. आता रोज रात्री त्याचा मेसेज येतो: मावशी, आपण याला घेतला! मावशी, तो चालला! मावशी, पुढच्या वर्षी कप आपला ना? अरे बाळा, थांब जरा. कोण आलं आणि कोण गेलं ही बातमी झाली. टीम सुधारली का, हे कळायला आधी आपलं घर कुठून गळतंय ते माहीत असायला हवं. त्यासाठी वही कशी मांडायची ते त्याला सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते.

ज्यांना खेळ नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. ही पंधरा जणांची रग्बी नव्हे, ती युनियन. लीगमध्ये तेरा जण असतात. चेंडू हातात आला की सहा टॅकल मिळतात आणि तेवढ्यात काही झालं नाही तर चेंडू समोरच्याकडे जातो. म्हणून पाच टॅकल झाले की बहुतेक वेळा लाथ मारून चेंडू लांब धाडतात. ट्रायचे चार गुण, वरच्या गोलचे दोन. टॅकल झाला की पडलेला माणूस उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो, आणि तोवर बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे जायचं असतं. ज्यांनी कबड्डी खेळलीय त्यांना इथे लगेच घरच्यासारखं वाटेल: पकड किती घट्ट आणि किती वेळ, यावर सगळा खेळ उभा आहे.

पहिलं पान: आकडे लिहा, नावं नकोत

वहीच्या पहिल्या पानावर डाव्या बाजूला एक ते तेरा आकडे खाली खाली लिहा. लीगमध्ये पाठीवरचा आकडा म्हणजे जागा. एक फुलबॅक. दोन आणि पाच विंगर. तीन आणि चार सेंटर. सहा फाइव्ह-एट, सात हाफबॅक. आठ आणि दहा प्रॉप, नऊ हुकर, अकरा-बारा सेकंड रो, तेरा लॉक. चौदापासून पुढे बेंच. एक, सहा, सात, नऊ या चौघांना इथे स्पाइन म्हणतात, म्हणजे पाठीचा कणा. या चार आकड्यांभोवती मी लाल पेनाने गोल करते.

आकड्यांपुढे तीन रकाने: कोण, करार कधी संपतो, आणि तो पडला तर कोण. नावं भरायची घाई करू नका. आधी तिसरा रकाना भरा. भाच्याने नावं पटापट लिहिली, पण सातच्या पुढे “पडला तर कोण” या घरात येऊन पेन चावत बसला. ईल्सचं दुखणं नेमकं तिथेच होतं. मिचेल मोझेस चांगला हाफबॅक आहे यात वाद नाही. पण २०२४ मध्ये दुखापतींमुळे तो बराच काळ बाहेर होता, आणि २०२५ चा हंगाम सुरू झाला तेव्हाही पायामुळे नव्हता. त्याच्याशिवाय पहिल्या फेरीत मेलबर्न स्टॉर्मने आपल्याला ५६-१८ असं धुतलं. नवा कोच जेसन रायल्स आल्यावरचा तो पहिलाच सामना. मी टीव्हीसमोर भेंडी चिरत होते. मध्यंतरापर्यंत भेंडी संपली आणि मग उगाचच कांदेही चिरले.

दुसरं पान: गळती

हे पान सगळ्यात महत्त्वाचं आणि यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

गेल्या हंगामातले हरलेले सहा सामने पुन्हा बघा. सगळे सामने बघायची गरज नाही, सहा पुरेत. पण त्यात दोन थोडक्यात हरलेले असू द्या. जिंकलेल्या सामन्यात गळती झाकली जाते आणि पन्नास गुणांनी हरलेल्या सामन्यात सगळंच गळतं, त्यातून काही कळत नाही. आपल्यावर झालेला प्रत्येक ट्राय एका ओळीत लिहा. मी खुणा वापरते: म म्हणजे मधून, डा आणि उ म्हणजे डाव्या आणि उजव्या कडेने, ला म्हणजे समोरच्याच्या लाथेवर, हा म्हणजे आपल्या हातून चेंडू सुटल्यावर लगेच.

इथवर कुणीही करेल. खरी गोष्ट पुढे आहे. ट्राय झाला की व्हिडिओ चार टॅकल मागे न्या.

एक प्रसंग सांगते. माझ्या वहीत एका सामन्यात सलग दोन ओळी “उ” अशा होत्या. उजव्या कोपऱ्यात दोन ट्राय. भाच्याचं मत तयार: मावशी, आपला उजवा विंगर बदलला पाहिजे. दिसायला तसंच दिसत होतं. चेंडू कोपऱ्यात आला तेव्हा आपला विंगर एकटा आणि समोर दोघं. तो आतल्याकडे वळला की बाहेरचा मोकळा, बाहेरच्याकडे गेला की आतला मोकळा. मी म्हटलं, चार टॅकल मागे घे. मागे घेतलं. पहिल्या टॅकलला त्यांचा प्रॉप आपल्या मधल्या फळीत, म्हणजे आठ, दहा, तेराच्या लोकांत, धडकला. दोघांनी धरला, पण धरूनही तो तीन-चार मीटर ओढत गेला आणि पोटावर पडला. पोटावर पडलेला माणूस झटकन उठतो, पाठीवर पडलेल्याला वेळ लागतो. तो झटकन उठला, चेंडू मागे सरकवला, आणि आपले मधले लोक अजून दहा मीटर मागे जातच होते. दुसऱ्या टॅकलला तेच. तिसऱ्याला आपल्या मधल्यांना मदत करायला कडेचा सेकंड रो आत सरकला. मग सेंटर आत सरकला. चौथ्याला चेंडू तीन हातांतून बाहेर गेला, आणि तिकडे कोण उभा? बिचारा विंगर, एकटा.

आमच्या तासगावच्या घराला कौलं होती. पावसाळ्यात देव्हाऱ्यावर पाणी टपकायचं. आईने दोन वर्षं देव्हाऱ्याच्या वरची कौलं बदलली, पण पाणी टपकतच राहिलं. शेवटी एक म्हातारा कारागीर वर चढला आणि आढ्याजवळचं एक कौल काढून दाखवलं, फुटकं. पाणी तिथून शिरायचं, वाशावरून वाहत यायचं आणि देव्हाऱ्यावर पडायचं. लीगमध्ये विंगरचं डोकं हा देव्हारा. पाणी नेहमी तिथेच टपकतं.

म्हणून प्रत्येक ओळीपुढे दुसरी खूण करायची: ट्राय कुठे झाला यापुढे सुरुवात कुठून झाली. त्या सहा सामन्यांत माझ्याकडे “उ” आणि “डा” पुष्कळ होते, पण चार टॅकल मागे गेल्यावर निम्म्याहून जास्त ठिकाणी “म” निघाला. उरलेल्यांत बरेचसे “हा”. म्हणजे आपण चेंडू सोडला, समोरच्यांना आपल्याच अर्ध्यात सहा टॅकल मिळाले, बचाव करून करून आपल्या मधल्या फळीला धाप लागली, आणि मग कडेचा माणूस मेला.

आकडे देणारी साइट बघायची असेल तर दोनच बघा. एक, कम्प्लीशन: मिळालेल्या सहा टॅकलांच्या किती फेऱ्या चेंडू न सोडता पूर्ण केल्या. ऐंशी टक्क्यांच्या आसपास असेल तर जरा निवांत बसा. दुसरा, धडक बसल्यानंतर पुढे सरकलेले मीटर. मघाचा तो ओढत गेलेला प्रॉप या आकड्यात सापडतो. “चुकलेले टॅकल” हा आकडा मी बघत नाही. जो जास्त टॅकल करायला जातो त्याचेच जास्त चुकतात, आळशाचा रकाना कोरा राहतो. हे मला ऑफिसातही रोज दिसतं.

आणखी एक खूण: २०२० पासून टॅकलच्या भोवतालच्या फाऊलला बहुतेक वेळा शिटी वाजवून थांबवण्याऐवजी समोरच्याला नव्याने सहा टॅकल देतात. घंटा वाजते आणि खेळ चालूच राहतो. टीव्हीवर ती घंटा पटकन लक्षात येत नाही. ती ऐकू आली की ओळीपुढे टिंब द्या. ज्या ट्रायच्या आधी दोन टिंबं आहेत तिथे नवा खेळाडू विकत घेऊन काही होणार नाही. आहेत त्यांना दमसास वाढवून, शिस्त लावूनच ते सुधारेल. हे पान संपलं की तुमच्या हातात दोन याद्या असतात: माणूस आणून भागेल अशा गोष्टी, आणि इथल्या डिसेंबरच्या उन्हाळ्यात पळूनच भागेल अशा गोष्टी. बहुतेक लोक पहिलीच यादी करतात.

तिसरं पान: पैसे

हे माझं आवडतं पान, कारण हे माझं रोजचं काम.

आपल्याकडच्या लोकांना प्रो कबड्डीचा लिलाव माहीत असतो. टेबलं मांडलेली, बोली वर जाते, हातोडा पडतो, आणि पुणेरी पलटणने किती मोजले ते सगळ्यांना कळतं. एनआरएलमध्ये लिलाव नाही. ड्राफ्टही नाही, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने खेळाडू निवडायचे अशी पद्धत. १९९१ च्या हंगामासाठी ती आणली होती, खेळाडू कोर्टात गेले आणि ती रद्द झाली. इथे क्लब आणि खेळाडूचा मॅनेजर यांच्यात बंद दाराआड बोलणं होतं. पण प्रत्येक क्लबला मुख्य तीस खेळाडूंवर किती पगार खर्चायचा याची मर्यादा असते. तिला सॅलरी कॅप म्हणतात. सगळ्यांना एकच मर्यादा, श्रीमंत क्लब असो की गरीब.

मर्यादा मोडली तर काय होतं ते आम्हाला विचारा. २०१६ मध्ये ईल्सचे गुणतक्त्यातले १२ गुण कापले, दहा लाख डॉलर दंड झाला आणि त्याच वर्षी जिंकलेला ऑकलंड नाइन्स या नऊ-नऊ जणांच्या स्पर्धेचा कपही काढून घेतला. मेलबर्न स्टॉर्मचे तर २०१० मध्ये दोन कप गेले, २००७ आणि २००९ चे. त्यामुळे कुठलंही नाव ऐकलं की “केवढ्याला?” हा प्रश्न आधी आणि “किती चांगला?” हा नंतर. तीस माणसांच्या पगारपत्रकात एकाला जास्त दिलं की ते दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातून जातं.

तिसऱ्या पानावर नक्की रक्कम लिहू नका, पेपरातले आकडे मॅनेजरने सोडलेले असतात. त्याऐवजी ताटं मांडा. मोठं ताट, मधलं ताट, वाटी. स्पाइनच्या चौघांना आणि एखाद्या चांगल्या प्रॉपला मोठं ताट. बाकीचे बहुतेक मधल्या ताटावर, आणि शेवटचे दहा-बारा वाटीवर. मग बघा, मोठी ताटं कुठल्या आकड्यांपुढे गेलीत. ती लाल गोलाबाहेर गेली असतील, म्हणजे विंगरला मोठं ताट आणि हुकरला वाटी, तर डोक्याला हात लावा.

दुसरी गोष्ट तारीख. ज्याच्या कराराचं शेवटचं वर्ष सुरू व्हायचंय, त्याच्याशी दुसरे क्लब आदल्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून बोलू शकतात. म्हणजे माणूस पूर्ण हंगाम तुमच्यासाठी खेळतो आणि पुढच्या वर्षी कुठे जाणार हे सगळ्या गावाला माहीत असतं. आपल्या मराठी मनाला हे पटायला वेळ लागतो. मला पहिल्यांदा वाटलं, लग्न ठरलेली मुलगी दुसऱ्याच घरी वर्षभर स्वयंपाक करतेय. पण इथे त्यात कुणाला गैर वाटत नाही. आपला फाइव्ह-एट डिलन ब्राउन याने मार्च २०२५ मध्ये न्यूकॅसलच्या क्लबशी दहा वर्षांचा करार केला, सुमारे एक कोटी तीस लाख डॉलरचा, आणि उरलेला हंगाम आपल्याकडे खेळला. तेव्हा वहीत करार संपायच्या वर्षाआधीच्या नोव्हेंबरला खूण करून ठेवा. धक्का बसायचाच असेल तर तो तारखेप्रमाणे बसू दे.

आणि करार लांबचा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. विंगर झॅक लोमॅक्स ड्रॅगन्स क्लबमधून २०२५ साठी आला, चार वर्षांचा कागद. एक हंगाम खेळला आणि नोव्हेंबरमध्ये सुटका घेतली. त्याच्या नावापुढे मी २०२८ लिहिलं होतं. ते खोडताना पेनची निब वाकली. उलट क्लब आधी सोडतो तेव्हा एक छोटी गोष्ट विचारायची: उरलेल्या पगाराचा वाटा कोण देतंय? जुना क्लब काही भाग देत असेल तर तो त्याच्या कॅपमध्ये मोजला जातो, आणि नव्या क्लबला चांगला माणूस मधल्या ताटाच्या भावात मिळतो. स्वस्तात मिळालेला खेळाडू वाईटच असेल असं नाही, पण स्वस्त का, हे विचारलंच पाहिजे.

आलेला माणूस कसा वाचायचा

यासाठी २०२२ चा धडा घ्या, मी तो वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलाय. त्या वर्षी ईल्स ग्रँड फायनलला पोचले. पेन्रिथने २८-१२ हरवलं, मध्यंतरालाच १८-० झाले होते. त्या संघातला हुकर रीड माहोनी बुलडॉग्जकडे, सेकंड रोचा आयझाया पापालिई वेस्ट्स टायगर्सकडे, माराटा निउकोरे वॉरियर्सकडे आणि ओरेगन कौफुसी शार्क्सकडे गेला. माहोनी आणि पापालिई यांचं जाणं तर हंगाम सुरू व्हायच्या आधीच पक्कं होतं. आता पहिल्या पानाकडे बघा: नऊ, सेकंड रोचा एक आणि आणखी दोन धिप्पाड गडी. म्हणजे पुढच्या फळीचा मोठा तुकडा आणि कण्याचा एक मणका एकदम गेला.

त्या जागी कोण आलं? नऊला कॅनबेराचा जॉश हॉजसन. डोक्याने फार हुशार हुकर, मी त्याची चाहती. पण वय ३३ आणि आदल्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने जवळजवळ पूर्ण वर्ष बाहेर. २०२३ मध्ये मानेच्या दुखापतीमुळे त्याला खेळच सोडावा लागला. यात त्याची चूक नाही. पण “पडला तर कोण” हा रकाना कोरा होता, ती चूक वहीतली. त्याच वेळी पेन्रिथमधून जमेन हॉपगुड आला. पहिल्या संघाचे सामने बोटांवर मोजण्याइतके. त्याच्या येण्याची बातमी पेपरात चार ओळींची. दीड वर्षात तो क्वीन्सलँडकडून स्टेट ऑफ ओरिजिन, म्हणजे क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स ही मानाची मालिका, खेळला. २०२३ ला ईल्स दहावे आले, बाद फेरीत जाणाऱ्या पहिल्या आठांच्या बाहेर. २०२४ ला पंधरावे.

या धड्यातून मी चार प्रश्न काढले. नवं नाव आलं की ते नावाखालीच लिहायचे. एक, याची जागा माझ्या गळतीच्या पानावर आहे का? दोन, गेल्या दोन हंगामांत किती सामने खेळला? वयापेक्षा हा आकडा खरं सांगतो. तीन, तो जिथून आला तिथे त्याच्या पुढे कोण होतं? पेन्रिथने २०२१ ते २०२४ सलग चार कप जिंकले. तिथल्या राखीव संघात बसलेला पोरगा दुसरीकडच्या पहिल्या तेरातल्याइतका असू शकतो. आपला फुलबॅक आयझाया इओंगी असाच पेन्रिथमधून आला, क्लिंट गदरसन ड्रॅगन्सला गेल्यावर. चार, किती वर्षांसाठी? २०२६ साठी स्टॉर्मचा जोना पेझेट सहाच्या जागी घेतलाय, एकाच वर्षासाठी. खेळाडू चांगला, पण वहीत मी त्याचं नाव पेन्सिलने लिहिलंय. भाचा म्हणाला, “मावशी, तू फार कंजूष आहेस.” मी म्हटलं, मी भाड्याच्या घरात बाथरूमच्या टाइल्स बदलत नाही.

घरची पोरं

याला लोक पान देत नाहीत. मी अर्धं देते. सतरा वर्षांखालच्यांसाठी हॅरॉल्ड मॅथ्यूज कप, एकोणीसखाली एसजी बॉल, एकवीसखाली जर्सी फ्लेग, आणि वर राखीव संघांचा एनएसडब्ल्यू कप. यातले दोन-तीन सामने उन्हात बसून बघा, डबा घेऊन जा. बघायचं एवढंच: आठ, दहा, तेरा या जागांवर कोण मोठं होतंय. प्रॉप बाहेरून आणला तर महाग पडतो, घरी वाढवला तर वाटीत भागतो. आणि पोरगं तयार झालं की शेजारी उचलतात हेही लिहून ठेवा. ब्लेझ टालागी आपल्या ज्युनियरमधून वर आला आणि २०२५ ला पेन्रिथला गेला. इओंगी इकडे, टालागी तिकडे. दोन्ही स्टेशनं एकाच रेल्वेलाइनवर आहेत म्हणा.

फेब्रुवारीचे सराव सामने

सराव सामन्यांचा स्कोर वहीत लिहायचा नाही. मी एकदा लिहिला होता, त्या वर्षीचं पान आजही बघवत नाही. फक्त पहिली वीस मिनिटं बघा, तेव्हा खरा संघ मैदानावर असतो. त्या वीस मिनिटांत गळतीच्या पानावरची सगळ्यात वरची खूण एवढंच शोधा. तुमच्या यादीत “म” वर असेल तर मधे धडकलेला माणूस पोटावर पडतोय की पाठीवर, ते मोजा. काड्या मारा, दोन रकान्यांत. बाकी कोण पळाला, कुणाचे नवे बूट, ते सोडा.

नऊची जागा मात्र या वेळी मी वेगळी बघणार आहे. माहोनी गेल्यापासून ती डळमळत होती. २०२५ मध्ये रायली स्मिथ पुढे आला आणि हंगामाच्या मध्यावर टायगर्सकडून टॅलिन डा सिल्वाही आला. दोघंही तरुण. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या वहीत नऊच्या पुढे “कोण” आणि “पडला तर कोण” ही दोन्ही घरं शाईने भरलीत.

जाता जाता नावाचं सांगते, भाच्याला माहीत नव्हतं. ईल म्हणजे आपली वाम. कृष्णेत मिळते तसली, सापासारखी, हातात धरली की निसटते. पॅरामाटा हे नाव इथल्या दारुग लोकांच्या बुर्रामट्टा या शब्दावरून आलं, वामी जिथे येऊन पडतात ती जागा. म्हणजे चेंडू हातातून निसटणं आमच्या रक्तातच आहे, असं आजोबा म्हणतात. शेवटचा कप १९८६ चा, बुलडॉग्जला ४-२ हरवून. ट्राय एकही नाही, नुसते गोल. रे प्राइस आणि मिक क्रोनिन त्या दिवशी शेवटचं खेळले. आजोबा तो स्कोर असा सांगतात जणू काल रात्रीचा.

परवा भाचा वही घेऊन कुंपणाशी गेला. आजोबांनी चष्मा लावला, पहिलं पान बघितलं, पैशांचं उलटलं, आणि गळतीच्या पानावर थांबले. बराच वेळ बोट फिरवत होते. देवनागरी अक्षरं त्यांना कुठली कळणार, पण खुणांचे ढीग कळले. “म” च्या ढिगावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे काय? भाच्याने सांगितलं, मिडल. आजोबा म्हणाले, मग प्रॉप कुठला घेतलात ते आधी सांग. भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी आत जाऊन कुकर लावला.